उलटा कोट

मोंटाना, मार्च

प्रिय आई,

शेणाच्या हातांनी लिहितेय, डागांना हसू नकोस! गुडघे कसे आहेत तुझे?

तुझ्या लाडक्या तांबडीचं वासरू पायाळू आलं, वाचलं नाही. दुसऱ्या गाईच्या जुळ्यांतलं एक उपाशी होतं. ड्वाइटदादाने मेलेल्याचं कातडं सोलून त्याच्या अंगावर कोटासारखं बांधलं, म्हणजे वासाने तांबडी त्याला आपलं मानेल. पण घाईत शेपूट आलं मानेवर!

"दादा, उलटा घातलास रे!"

"त्याला काय चर्चमध्ये जायचंय?"

तांबडीने हुंगलं, एक लाथ झाडली, मग मानेवरचं शेपूटच चाटत बसली. वासरू घटाघटा प्यायलं!

आज तिसऱ्या दिवशी दादा कोट सोडायला गेला, तर तिने ढुशी मारून त्याला कुंपणावर चढवलं. बरगडीला फार लागलेलं नाही, खोकताना तेवढा कळवळतो. पण आई, पोर तिचं झालं!

तुझी शेणकरीण लेक,
आर्लीन