गवताची पाळी

८ डिसेंबर
खरं बोलले का – हो.
कुणाला लागेल असं बोलले का – हो. सासूबाईंना, चहावरून.
हाती घेतलं ते पुरं केलं का – नाही. शेजारच्या नलूचे शिवायला घेतलेले दोन ब्लाऊज राहिलेत, परवाच्या लग्नाचे.
दिवाळीपासून हे तीन प्रश्न रोज लिहिते. रोहिणी, माझी धाकटी जाऊ, हसते. "ताई, परीक्षा तुमचीच, अन् पेपर तपासणार बी तुमीच."

११ डिसेंबर
रोहिणी गेली. परवा, ९ तारखेला, दुपारी चारला. उसाच्या कडेला गवत कापायला वाकली होती. बिबट्यानं मानेला धरलं. शेजारच्या रानातली माणसं ओरडत धावली तेव्हा सोडून उसात शिरला. गाडीत घातली, पण आळेफाट्याचा दवाखाना यायच्या आधीच…
प्रश्न आज नाहीत.

१४ डिसेंबर
उसाजवळ पिंजरा लावलाय. आत शेळी, दिवसभर ओरडते.
भेटायला येणाऱ्यांचं एकच. एकटी कशाला गेली? सा.बाई माझ्याकडे बोट करतात. "हिनं सांगितलं व्हतं, जाऊ नको. आयकलं न्हाई तिनं."
हे त्यांना मीच सांगितलंय. त्या दिवशी दिरांनी विचारलं, "वयनी, एकटी का गेली ती?" अंगणात सगळा गाव. तोंडातून निघून गेलं, मी नको म्हणत होते.

१५ डिसेंबर
खरं बोलले का – नाही.
लिहूनच टाकते. गवताची पाळी माझी होती. ब्लाऊजला हुक लावायचे राहिले होते. मी म्हणाले, रोहिणी, आजच्या दिवस तू जा. ती म्हणाली, "थांबते मी, दोघी जाऊ. कालच ठसे दिसलेत म्हणं." मी म्हणाले, दिवसाढवळ्या काय भ्यायचं एवढं.
विळा घेऊन गेली. मान वर करून पाहिलंही नाही मी.

१८ डिसेंबर
दशक्रिया. गर्दी लई. एक पुढारी बोलताना म्हणाले, घरातल्या मोठ्यांचं ऐकलं असतं तर आज ही वेळ नसती. माना हलल्या. प्राची, रोहिणीची मुलगी, सातवीत आहे. ती माझ्या शेजारीच बसली होती, माझा पदर धरून.

१९ डिसेंबर
ह्यांना सांगितलं. घास हातातच राहिला.
"आता सांगून ती येणारे का?"
नाही, म्हणाले.
"भाऊ तुटंल माझा. गप ऱ्हा. अन् ती वही चुलीत घाल."
जेवले नाहीत. चूक तरी कसं म्हणू त्यांना? दीर खरंच तुटतील.

२२ डिसेंबर
काल तेरावा झाला. पाहुणे गेले. रोहिणीची आई तेवढी राहिलीय. आंबेगावच्या डोंगरातली बाई, भाताच्या खाचरांत जन्म गेला. माझ्यासोबत भांडी घासताना म्हणाली, "पोर माजी न आयकणारी नव्हती वो. रानात थांब म्हणलं का थांबायची." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी उठून आत गेले.
मेलेलीला बोल लावून मी जेवतेय, झोपतेय.

२३ डिसेंबर
रोहिणीच्या आईला सांगितलं. गोठ्यात. पाळी, ब्लाऊज, ठसे, सगळं.
मला वाटलं होतं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं एकच विचारलं, "भ्याली व्हती का ती, जाताना?"
हो, म्हणाले.
खाली बसली. मग म्हणाली, "सांगून तुजं हलकं झालं आसंल. माजं न्हाई झालं. नातीला काय सांगनार हायेस?"


२४ डिसेंबर
सकाळच्या एसटीनं ती गेली. सा.बाईंना सांगून निघाली, माझ्याकडे पाहिलं नाही. कुणाला काही बोलली नसावी.
प्राची आजपासून शाळेत. तिची वेणी घालत होते. म्हणाली, "मोठी आई, मी तुझं सगळं ऐकीन. आईसारखं नाय करणार."
दारात दीर बूट घालत होते, तिला सोडायला. हे गाडी पुसत होते.
वेणी अर्धीच ठेवून मी म्हणाले, प्राची, इकडं तोंड कर.