भसाड्या आवाजाचा खुलासा

आदरणीय वन्सं,

सादर नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरचे त्यांचे स्वतःचे उपचार, दोन्ही थांबले असतील अशी आशा करते. इकडे आम्ही दोघी, म्हणजे तुमच्या आई आणि मी, सुखरूप आहोत. सुखरूप हा शब्द विचार करून लिहिलाय. गेल्या मंगळवारी तो लिहिता आला नसता.

तुमचा निरोप त्याच्या आदल्याच दिवशी, सोमवारी, मिळाला होता. "हे काय ऐकतेय मी?" चारच शब्द, पण पुरले. आईंनी तुम्हाला काय सांगितलं ते मला ठाऊक आहे: सून दर मंगळवारी चार वाजता इमारतीखाली गाडीत काचा वर करून बसते, कुणा भसाड्या आवाजाच्या पुरुषाशी तासभर बोलते आणि डोळे पुसत वर येते. यातली वेळ खरी, काचा खऱ्या, डोळेही खरे. आवाजसुद्धा भसाडाच. पण तो बाईचा आहे, आणि त्या बाई माझ्या काउन्सेलर आहेत, फोनच्या पडद्यावर भेटणाऱ्या. (त्यांना बारमाही सर्दी असते. मला आधी वाटलं, इतकं शिकल्यात, तर जरा वाफ घ्यायला काय होतं!) घर सोडून गाडीत का, म्हणाल, तर घर दोन खोल्यांचं आणि आईंचे कान तुम्हाला माहीतच आहेत.

आता दुखणं कसलं ते सांगते. आठ महिन्यांपूर्वी मी एका निवृत्त हेडमास्तरांना गाडी शिकवत होते. (दहा वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतेय, पण असा विद्यार्थी पाहिला नाही. क्लच का दाबायचा, हे ते मलाच पाठ म्हणायला लावायचे.) शाळेसमोर मी म्हटलं ब्रेक, आणि त्यांनी पूर्ण आत्मविश्वासाने ॲक्सिलरेटर दाबला. शिकवणाऱ्याच्या बाजूला एक जास्तीचा ब्रेक असतो, तो मी जिवाच्या आकांताने दाबला. गाडी थांबली तेव्हा बंपर आणि दप्तर पाठीला लावलेली एक मुलगी यांच्यात वीतभर जागा उरली होती. ती आमच्याकडे बघून हसली आणि पलीकडे गेली. हेडमास्तर म्हणाले, "थोडक्यात चुकलं." मला अर्धा तास गाडीतून उतरता आलं नाही.

तेव्हापासून माझा उजवा पाय माझा राहिला नाही. जेवताना, अंथरुणात, आई बोलत असताना तो आपोआप खाली दाबला जायचा. (आई बोलताना जरा जास्तच, हेही बाईंना सांगितलंय.) स्वतः गाडी चालवताना एकाएकी छाती आवळायची, श्वास वरच अडकायचा. तुमचे भाऊ लांब खाणीवर, रविवारी दहा मिनिटं रेंज, त्यात काय सांगणार? आईंना तर सांगायचंच नव्हतं. मामंजी गेल्यापासून त्या आधीच हळव्या झालेल्या. आणि हळव्या म्हणजे काय, तर मी बाहेर पडले की दिवसातून बारा फोन. "कुठे आहेस?" आता गिअर बदलू की फोन उचलू? मी चिडायची, त्या रुसायच्या, आणि शेवटी आमच्यात बोलणं उरलं ते मीठ-साखर संपल्यापुरतं.

तर गेला मंगळवार. आईंना स्कूलच्याच गाडीतून डोळे तपासायला नेलं होतं. थेंब घातल्यामुळे त्यांना सगळं धुकट दिसत होतं, आणि नंबर लागायलाच दोन तास गेले. परतताना मोठ्या पुलावर आलो, पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि चार वाजले. फोन वाजला. बंद करायला गेले, बोट हिरव्यावर पडलं, आणि गाडीच्या स्पीकरमधून आवाज घुमला, "हं, सासूबाईंशी बोलायचं ठरलं होतं आपलं. बोललात का?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागच्या सीटवरून आई म्हणाल्या, "नाही बोलली."

"कोण बोलतंय?"

"मी सासू. तुम्ही कोण, बाई की बुवा?"

"बाई. काउन्सेलर." मग मला, "फोन ठेवू का?"

उत्तर द्यायला माझ्याकडे आवाजच नव्हता. छाती आवळली, कानात शिट्टी सुरू झाली, पाय ब्रेकवर गेला तो तिथेच राहिला आणि गाडी पुलाच्या मधोमध उभी. मागून हॉर्न. बाईंनी ओळखलं. "चारी इंडिकेटर लावा. लावले? पाय जरा सैल करा. गाडी कठड्याकडे नुसती सरकू द्या." ते मी कसं केलं, आठवत नाही. मग म्हणाल्या, "आता श्वास सोडा, सावकाश." तो सुटेना. तेव्हा आईंनी मागून हात घालून (दिसत नव्हतं, म्हणून आधी माझा कान, मग खांदा) मला घट्ट धरलं आणि ओरडल्या, "अगं, सोड की! साठवून काय करणारेस?" मी हसले की रडले ते कळलं नाही, पण श्वास सुटला.

मग आई स्पीकरकडे तोंड करून म्हणाल्या, "बाई, ती हेडमास्तरांची गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात कळली. स्कूलच्या मालकिणीनं सांगितलं. ही आपणहून सांगेल म्हणून वाट बघतेय. तोवर फोन करते, दुसरं काय करू? एकाला सकाळी धडधाकट बाहेर पाठवलं होतं, तो संध्याकाळी आला नाही."

मामंजींबद्दल वर्षभरात त्या एवढं पहिल्यांदाच बोलल्या. तेवढ्यात वाहतूक पोलिसाने काचेवर टकटक केली. आई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई तपासतायत, दोन मिनिटं थांबा." त्याने गाडीभर डॉक्टरीणबाई शोधली, माझा अवतार पाहिला, छपरावरची 'शिकाऊ' पाटी वाचली, आणि दया येऊन मागचे ट्रक अडवून आम्हाला सोडलं. दहा वर्षांच्या नोकरीचं चीज झालं.

घरी येऊन आम्ही स्वयंपाकघराच्या फरशीवरच बसलो. चहा तीनदा गार झाला. काय बोललो ते लिहीत नाही (थोडं तुमच्याबद्दलही होतं). ठरलं असं की दिवसातून दोनदा मी फोन करायचा, त्यांनी नाही. तो ठराव त्यांनी दुसऱ्याच सकाळी मोडला. माझा पायही अजून दाबला जातो. पण आता दाबला गेला की आई ताटावरून मान वर न करता म्हणतात, "थांबली गं गाडी, जेव."

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची भावजय

ता. क. त्याच संस्थेतल्या दुसऱ्या एक बाई आता शुक्रवारी आईंशी बोलतात. मला तेवढा वेळ खाली जाऊन बसावं लागतं. निघताना "सून चांगलीच आहे, पण" इतकंच ऐकू आलं आणि दार बंद झालं.

ता. क. २. मुख्य राहिलंच. तुमचे भाऊ बारा तारखेला सुट्टीवर येतायत आणि त्यांना यातलं अक्षर ठाऊक नाही. तुम्ही सांगाल का? मोठ्या बहिणीचं ते ऐकतात. काउन्सेलर बाईंचं म्हणणं, मीच सांगायला हवं, आणि मी त्यांना हो म्हणून बसलेय.

ता. क. ३. आईंना मात्र हे कळू देऊ नका. मी तासभर तुमच्या भावांनाच लिहितेय अशी त्यांची समजूत आहे. समोर मटार सोलत बसल्यात आणि मध्येच विचारतात, "पुलाचं लिहिलंस? रडलीस ते लिहिलंस?" मी हो म्हणते, त्यात खोटं तरी काय आहे? आत्ताच त्यांनी पाकीट माझ्यापुढे सरकवलं, "पत्ता घाल, खाली जातेच आहे, मीच टाकते." पेन हातात धरून बसलेय, वन्सं. हे पत्र तुमच्या हाती पडलं, तर समजा, तुमच्या भावांचा पत्ता घालायचा मला धीर झाला नाही.