तिसऱ्या मजल्यावरचं घर आणि एक बिघडलेलं जेवण

नमो बुद्धाय. जय भीम.

मी, चंपा भीमराव ओव्हाळ, वय वर्षे पंच्याहत्तर, धंदा पूर्वी दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक, हल्ली आजीपण, राहणार समता सहकारी गृहरचना संस्था, तिसरा मजला, कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्यात गुडघ्यांची अट नाही असं वकील शेफालीताईंनी सांगितलं. मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून बसवलेलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन शेफालीताईंनी सुधारलं आहे, वाक्यं सुधारू नका असं मी बजावलं आहे. त्या म्हणाल्या, "आजी, मृत्युपत्रात एवढं लिहीत नाहीत." म्हटलं, "मेल्यावर मला बोलायला कुठं मिळणार आहे? आत्ताच बोलून घेते."

कलम एक. दोन वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, ते आजपासून रद्द समजावं. त्यात घर मुलगा रोहन यास दिलं होतं आणि कारण लिहिलं होतं, "मुलगी चैताली हिला अपत्य नसल्याने." ती ओळ रोहनने सांगितली आणि मी लिहिली. सही माझी, तेव्हा चूकही माझीच.

कलम दोन. पोस्टात आणि बँकेत माझ्या नावावर जे निघेल ते नातू आयुष रोहन ओव्हाळ, वय सहा, याच्या शिक्षणासाठी. ते सून पूर्वा हिने सांभाळावं, रोहनने नव्हे. रोहनच्या हातात पैसा म्हणजे चाळणीत पाणी, हे त्यालाही माहीत आहे. आयुषबद्दल काय लिहू! एकोणसत्तराव्या वर्षी मी आजी झाले. तोवर आशा सोडली होती. तो झाला त्या दिवशी मी दवाखान्यातल्या अनोळखी बायांनासुद्धा पेढे दिले. आता तो दुकानांच्या पाट्या वाचतो आणि चुकीच्या असल्या तर दुकानदाराला सांगतो. मी आनंदात आहे, हे इथं नोंदवून ठेवते. पुढं जे लिहिलं आहे त्याचं मूळही या आनंदातच आहे, म्हणून.

कलम तीन. माझा बिडाचा तवा, पोळपाट, लाटणं आणि दोन्ही कुकर पूर्वाला. तिला पोळ्या नीट येत नाहीत, पण तव्याला घाई नाही. पितळी परात शेजारच्या विजयमालाबाईंना द्यायची होती, पण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. तेव्हा परात मी आत्ताच त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. तळमजल्यावरच्या मथुराबाईंना माझ्याकडून काही नाही. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या सांगण्यावरून मी एक नारळ ठेवला होता, चैतालीला मूल व्हावं म्हणून. आमच्या घराने छप्पन्न सालीच धम्म घेतला आहे, आमच्यात नवस बोलत नाहीत. आयुषचे आजोबा तेव्हा हयात होते, त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला दाराबाहेर उभी केली असती. चैतालीला मात्र कळलं. ती म्हणाली, "आई, मला होत नाही असं नाही. मला नकोय. केदारलाही नकोय. तो नारळ फोडून चटणी तरी करायची होतीस." केदार म्हणजे चैतालीचा नवरा. मला ते तेव्हा पटलं नाही. मी चार बायांना सांगत फिरले की काहीतरी दोष आहे. दोष कुणातच नव्हता, हे मी इथं लेखी देते.

कलम चार. हे मृत्युपत्र अमलात आणायचं काम वकील शेफालीताईंचं. त्या कुणाच्याच नात्यातल्या नाहीत, म्हणून.

कलम पाच. राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी.

हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते कुणाला द्यायचं हे मी लिहिणारच आहे, पण आधी का ते लिहिते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीला कुणीतरी फूस लावली.

मार्चमध्ये माझा पंच्याहत्तरावा वाढदिवस झाला. चैतालीने बाणेरच्या बाजूचं एक मोठं हॉटेल ठरवलं. तिथं पंधरा दिवस आधी टेबल सांगून ठेवावं लागतं. तिने मला फोन केला. म्हणाली, "आई, एक मागू? त्या दिवशी आपण मोठेच जाऊ. तू, मी, केदार, रोहन, पूर्वा. आयुषला पूर्वाच्या आईकडे ठेवू. मला एकदा तरी तुझ्याशी सलग बोलायचंय."

मी म्हटलं, "नातू नाही तर आजी नाही. त्याच्यावाचून मला घास उतरत नाही."

ती म्हणाली, "बरं." ती "बरं" म्हणते तेव्हा बरं नसतं, हे मला सत्तेचाळीस वर्षांत कळायला हवं होतं.

आत गेलो तर दिवे मंद, माणसं हळू बोलणारी, ताटं परातीएवढी आणि त्यात भाजी लिंबाएवढी. एका माणसाने माझ्यासाठी खुर्ची मागे ओढली. एकतीस वर्षं मी लोकांना गरम पोळ्या वाढल्या, माझ्यासाठी खुर्ची कुणी ओढली ती तेव्हाच. मला फार बरं वाटलं.

पहिली दहा मिनिटं आयुष शहाणा होता. मग त्याने चमचा ताटावर वाजवायला घेतला. मग पूर्वाच्या मोबाइलवर कार्टून, मोठ्या आवाजात, कारण आवाज कमी केला की तो त्याहून मोठ्याने ओरडतो. मग टेबलांमधून पळापळ. मी हसत होते. सगळ्या हॉटेलने माझा नातू बघावा असं मला वाटत होतं. शेवटी तो शेजारच्या टेबलाखाली शिरला, कापड ओढलं आणि तिथल्या बाईंच्या मांडीवर पाण्याचा ग्लास आडवा झाला.

त्या बाई चाळिशीच्या, सोबत त्यांचे यजमान. त्या ओरडल्या नाहीत. साडी झटकत मला म्हणाल्या, "आजी, अर्धा तास झाला. आता याला जवळ बसवता का?"

रोहन मध्ये पडला. "लहान आहे हो तो. लहान मुलं आवाज करणारच."

"करणारच," त्या म्हणाल्या. "म्हणूनच आम्ही होऊ दिली नाहीत."

"मग घरी जेवायचं."

"घरी वरच्या मजल्यावर तीन आहेत. म्हणून तर महिन्यातून एकदा इथं येतो."

रोहनचा आवाज चढला. पोरं म्हणजे काय उपद्रव वाटला का, असली माणसंच समाजाला नकोत, वगैरे. सगळं हॉटेल आमच्याकडे बघायला लागलं. तेव्हा चैताली उठली, आपला रुमाल त्या बाईंना दिला आणि म्हणाली, "माफ करा. चूक आमची आहे."

"ताई, तू कुणाच्या बाजूची?" रोहन म्हणाला.

"मी जेवायला आले होते, रोहन. बाजू घ्यायला नाही."

"तुला नाही कळायचं. मूल असतं तर कळलं असतं."

इथं मी त्याला गप्प करायला हवं होतं. मी आई होते. त्याऐवजी मी, चंपा ओव्हाळ, म्हणाले, "खरंय त्याचं. पोटचं असतं तर कळलं असतं."

चैतालीने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "एक वाढवलाय की मी, आई. तो बघ, तुझ्या शेजारी बसलाय."

मग तिने आम्हाला गाडीत बसवून दिलं आणि ती केदारबरोबर निघून गेली. त्याला आठ महिने झाले. दर रविवारी ती येते. माझी औषधं आणते, पाण्याचा फिल्टर धुते, दाराची कडी सैल झाली तर घट्ट करते. पण माझ्या घरी जेवत नाही. "जेवून आले," म्हणते. डबा दिला तर तो ओट्यावर तसाच राहतो. जिने आयुष्यभर लोकांना जेवू घातलं, तिच्या घरात तिची लेक जेवत नाही. याहून मोठी शिक्षा कोर्टसुद्धा देत नाही.

ती जे बोलली ते खरं आहे की नाही, हे आता मीच लिहायला हवं, कारण रोहनला ते आठवणं शक्य नाही. रोहन झाला तेव्हा चैताली नऊ वर्षांची होती. मुलांचे वडील पाणीपुरवठ्यात पाळीवर, मी कर्वे रस्त्याच्या आतल्या एका बंगल्यात दोन वेळच्या स्वयंपाकाला. बाळ ठेवायचं कुणाकडे? दोघांना घेऊन जायचे. त्या घरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मुलांचा आवाज नको हं, साहेब वाचत असतात." मी दोघांना मागच्या पडवीत बसवायचे आणि चैतालीला सांगायचे, "तो रडला तर माझं काम जाईल." एवढंच. नऊ वर्षांच्या पोरीला एवढं सांगितलं की पुरतं. तो रडायला लागला की ती आपली वेणी त्याच्या तोंडात द्यायची. तो चघळत बसायचा. ओली वेणी घेऊन ती दुपारच्या शाळेला जायची, पोरी चिडवायच्या. चौथीत असताना शाळेची सहल खडकवासल्याला निघाली होती. तिचा डबा बांधून झाला होता. सकाळी रोहनला ताप भरला. मी नुसती दारात उभी राहिले. तिने डबा परत ओट्यावर ठेवला. तिसऱ्या वर्षापर्यंत रोहन तिलाच आई म्हणायचा, आणि मला त्याचं हसू यायचं.

तर ज्या पोरीला मी तोंडावर बोट ठेवायला लावलं, तिने सत्तेचाळिसाव्या वर्षी एक जेवण शांततेत मागितलं. आणि मी तिला म्हटलं, तुला काय कळणार.

पोरांना आरडाओरडा करू द्यावा, माझं अजूनही तेच मत आहे. आयुषने कधी तोंडावर बोट ठेवून बसू नये असंच मला वाटतं. पण त्याची किंमत त्याच्या आईबापाने आणि आजीने द्यायची, शेजारच्या टेबलाने नाही. आत्याने तर नाहीच. तिची देऊन झाली आहे.

म्हणून: राहतं घर, आतल्या सामानासह, माझी मुलगी चैताली केदार जाधव हिला. पूर्णपणे आणि कायमचं.

रोहनला याचा सुगावा लागला होता. तो म्हणाला, "दे ताईला. पण पुढे लिही, तिच्यानंतर आयुषला. नाहीतर घर दाजींच्या भाचरांकडे जाईल." शेफालीताईंनी तशी एक ओळ कच्च्या कागदावर लिहूनही दिली होती, तिच्या हयातीपुरतं वगैरे. ती ओळ मी उतरवलेली नाही. विसरले असं कुणी समजू नये. मूल नाही म्हणून बाईचं घर तिचं नसतं, नुसतं राखायला दिलेलं असतं, असं माझ्या हाताने लिहिलं जाणार नाही. ते घर तिने विकावं, दान करावं, दाजींच्या भाचरांना द्यावं, नाहीतर दार लावून आत गप्प बसावं. आयुषला द्यावंसं वाटलं तर तिला वाटू दे. सुचवायचं नाही.

कलम सहा. मी गेल्यावर त्रिशरण पंचशील म्हणावं आणि साधेपणाने उरकावं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवण करावं, पण पंगती दोन बसवाव्यात. आधी पोरांची, सांडलवंड आणि आरडाओरड्यासकट. ती उठली की पूर्वाने त्यांना खाली खेळायला न्यावं, तिचं ताट राखून ठेवावं. मग मोठ्यांची, सावकाश. ज्यांना पोरं नाहीत त्यांनी दुसऱ्या पंगतीला बसावं आणि कुणीही त्यांना "मग, तुमचं काय?" असं विचारू नये. विचारेल त्याला ताक वाढू नये.

कलम सात. वरचं सगळं शनिवारी लिहून झालं. मग मला वाटलं, मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. पण माफी मेल्यावर मागून काय उपयोग? समोरच्याला उलट बोलता येत नाही. म्हणून काल रविवारी मी दोन्ही मुलांना बोलावलं. पूर्वा कुणी न सांगताच आयुषला खाली घेऊन गेली. मी चष्मा लावून कलम पाच मोठ्याने वाचलं. दोनदा पाणी प्यावं लागलं.

रोहन म्हणाला, "हॉटेलातलं एवढं लिहायची काय गरज होती? वकील वाचणार हे."

म्हटलं, "म्हणूनच लिहिलं."

तो म्हणाला, "सहलीचं मला कुणी सांगितलं नव्हतं." आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. घराचा राग आहे, तो असू दे. माझा मुलगा आहे, निवळेल तेव्हा निवळेल.

चैतालीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, एक चुकलंय. सहल चौथीत नव्हती, पाचवीत होती. दुरुस्त कर."

तेव्हा वर कलम पाचमध्ये "चौथीत" आहे तिथे "पाचवीत" असं वाचावं. ही दुरुस्ती मी मान्य करते.

मग मी भीत भीत विचारलं, "जेवून आलीस का?"

ती म्हणाली, "नाही. केदारलाही बोलावते. पण आयुषला आधी वाढ, आम्ही मागनं सावकाश बसू."

तसंच झालं. हे लिहून मी सही करते. सही थोडी वाकडी आली आहे, माझीच आहे.

(सही) चंपा भीमराव ओव्हाळ

चंपाबाईंनी ही सर्व पानं आमच्यासमोर स्वतः वाचून, मध्ये कुणालाही बोलू न देता, आमच्या देखत सही केली. आम्ही त्यांच्या देखत केली.

साक्षीदार:

१. (सही) विजयमाला दशरथ साळवे, शेजारीण, याच इमारतीत. परात मृत्युपत्राच्या आधी मिळाली आहे.

२. (सही) डॉ. उत्तरेश्वर माने. आज तपासलं. रक्तदाब किंचित जास्त, बुद्धी पूर्ण शाबूत.

ठिकाण: कोथरूड, पुणे
दिनांक: सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५