उजव्या हातातली सुई

प्रिय आई,
आधी तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं. कला महाविद्यालयाच्या संशोधन फेलोशिपसाठी शेवटी दोघांनाच एकत्र मुलाखतीला बोलावलंय, त्यात मी आहे. दुसरा माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो. फार गोड बोलतो, म्हणून मला पहिल्यापासून खटकायचा. तू मला 'संशयी म्हातारी' म्हणतेस, ते उगाच नाही.

तू खिडकीशी शिवत बसतेस, ते चित्र मी लाकडी ठोकळ्यावर कोरलंय. त्याचे कागदावर काढलेले छाप कपाटात कुलपात ठेवले, किल्ली गळ्यात. ठोकळा मात्र टेबलावरच राहिला. ठोकळ्याकडे कोण बघतंय, असं वाटलं.

काल बाहेरच्या फलकावर त्याच्या अर्जातलं चित्र लागलं. तुझीच मोडकी खुर्ची, चष्म्याला तुझाच दोरा. खाली लिहिलंय, 'माझी आई'. नीट पाहिलं, तर सुई डाव्या हातात. ठोकळ्यावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठे छापात तुझा उजवा हात उजवा येतो. पठ्ठ्याने ठोकळाच उतरवून घेतलाय.

बाबांना सांगू नकोस, ते उगाच येरझाऱ्या घालत बसतील. त्यांचं औषध चालू आहे ना?

मुलाखतीत मी भांडणार नाही. माझा छाप पुढे ठेवीन आणि त्याला एवढंच विचारीन, तुझी आई डावखुरी आहे का रे?

गेल्या महिन्यात त्याची आई इथे आली होती. माझ्या कोटाचं तुटलेलं बटण तिनेच लावून दिलं, उजव्या हाताने.

तुझी,
संशयी म्हातारी