बजरंगचा बिल्ला

मार्केट यार्ड, पुणे
९ जानेवारी २०११

दत्तोबा,

सलाम आणि रामराम. आनंदीवहिनींची कंबरदुखी उतारावर असेल. इकडे रशीदा बरी आहे, थंडी मजबूत आहे. फोनवर तुझा आवाज आला की माझा बंद होतो, म्हणून कागद घेतला.

क्लबचं कानावर आलंच असेल. खराडीची एक कंपनी आपला फुटबॉल क्लब चालवायला घेतेय. पोरांना महिन्याचा पगार, दोन्ही वेळ सराव. अट एकच, दुसरं काम करायचं नाही. आजवर आपली पोरं पोती उतरवून दुपारी मैदानावर यायची. मॅच असली की तुझ्या बजरंगची पोती हमालांच्या टोळीने उचलायची आणि त्याचा वाटा तसाच ठेवायचा, ही रीत तूच पाडलीस. टोळीचा मुकादम हिंदुराव अजून टोमणा मारतो, "मेहबूबशेठ, चेंडू तुमचा, पण त्यातली हवा आमची."

तुझ्या बजरंगने विचारलं, "चाचा, हमालीचा बिल्ला परत करू?" बिल्ला गेला की टोळीतली जागा गेली. ती जागा तुझी, गुडघे गेल्यावर तू लेकाला दिलेली. मी म्हणालो, "कर बिनधास्त. गोलकीपरवाचून क्लब उभा राहतो होय?"

बैठकीच्या आदल्या दिवशी त्याने बिल्ला दिला. हिंदुराव म्हणाला, "थांब की, अजून ठरायचंय."

"चाचांनी सांगितलंय," हा म्हणाला.

बैठकीत तीन हो, तीन नाही. अध्यक्षाचा हात राहिला होता, तो मी वर केला. पोरांनी सह्या केल्या. मग कंपनीने घेतलेल्या पोरांची यादी आली. तीत बजरंग नव्हता. वय चौतीस, त्यांना पंचविशीतला हवा.

दत्तोबा, यादी मग आली हे मी खोटं लिहिलं. ती मला बैठकीआधी सकाळीच दाखवली होती. मी म्हणालो, "एवढा एक घाला." कंपनीचे साहेब म्हणाले, "काका, यादी फायनल आहे."

बजरंग तेव्हा बाहेर दाराशीच उभा होता. सांगितलं असतं तर तसाच हिंदुरावाकडे धावला असता. टोळीतली जागा त्या संध्याकाळपर्यंत रिकामी होती. पण त्याला कळलं की टोळीला कळणार, आणि त्याला टाकून एकही पोरगा सही करणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. अठरा घरांची चूल डोळ्यांपुढे आली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बैठकीला आत गेलो.

आता तो माझ्या दुकानात फाटकी बारदानं शिवतो. काल म्हणाला, "चाचा, जिवाला लावून घेऊ नका. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं."

मी हो म्हणून मान हलवली.

रडू येत नाही. रशीदा चहा देते, पितो. साखर विसरली होती, ते तिनेच सांगितलं तेव्हा कळलं.

उद्या सकाळी लिलाव उरकला की त्याला आणि हिंदुरावाला समोर बसवून सांगणार आहे. टोळीत नवा माणूस कामाला लागलाय, त्याला कुणी उठवणार नाही, उठवूही नये. सांगून बजरंगच्या हाती काही पडणार नाही. पण माझ्या चुकीला तो नशीब म्हणत बसलाय, तेवढं तरी थांबेल.

जागा तुझी होती, म्हणून आधी तुला लिहिलं. वहिनींना काय सांगायचं ते तू ठरव.

सहीच्या आधी 'तुझा' हा शब्द मी दोनदा लिहिला आणि खोडला.

मेहबूब