चौदाचे सोळा

कुंभकोणम्, गुरुवार, १२ जून, संध्याकाळ

अक्काने दारासुरमचा प्लॉट विकला. सहा लाखांचे अठरा झाले. "तिप्पट गं," कॉफीचा पितळी दवरा-पेला माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली. मला ती कॉफी काही गोड लागली नाही.

घरी येताच स्प्रेडशीट उघडली. वाढीचा वार्षिक दर काढणारं ते फंक्शन आहे ना, आरआरआय. किती वर्षं, तेव्हा किती, आता किती, एवढंच विचारतं. खरेदीपासूनची चौदा वर्षं टाकली. दर आला आठ पूर्णांक दोन. माझ्या बँकेतल्या ठेवीचा साडेसात.

मग काय झालं मला? तो प्लॉट मिळावा म्हणून अक्का पट्टीश्वरमच्या देवीला नवस बोलली, ते खरेदीच्या दोन वर्षं आधी. तिथून मोजायला काय हरकत? चौदाचे सोळा केले. दर सात पूर्णांक एक. नवसाला व्याज लागत नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं? तरी बरं वाटलं.

तेवढ्यात तिचाच फोन. "तुला कॉम्प्युटरवर जमतं. माझा दर काढून सांग ना."

"सात," मी म्हटलं. "माझ्या ठेवीचा साडेसात."

ती म्हणाली, "बरं झालं बाई. आप्पांनी आपल्या दोघी बहिणींना सारखेच पैसे दिले होते. तुझे मागे पडले की काय, याचाच घोर होता मला."

फोन ठेवून सोळाचे पुन्हा चौदा केले. आठ पूर्णांक दोन. तिला कळवायला हात काही फोनकडे जात नाही.