पंधराचा आयपीस

१८ जानेवारी, रविवार

पकडले! आज रंगेहाथ पकडले.

गुरूच्या बाजूला आज तीनच चंद्र होते. चौथा गुरूच्या मागे गेलेला. मी दोनदा तपासलं, मग ह्यांना म्हटलं, या, बघा. ह्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, वाकले, दुर्बिणीला डोळा लावला. "वा! चारही चंद्र काय छान दिसतायत!"

चारही?

बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय मी. काही न कळता मान डोलावणारं पोर मागच्या बाकावर असलं तरी मला ओळखू यायचं. आणि नवरा ओळखता आला नाही! दुर्बीण घेऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं हा माणूस रोज आठ वाजता माझ्याबरोबर गच्चीवर येतोय आणि "वा" म्हणतोय. शनीला वा, चंद्राला वा. ह्यांना दिसलंय तरी काय आजवर? जिन्याने खाली येताना मला फार वाईट वाटलं.

१९ जानेवारी, सोमवार

दोष आयपीसचा, दुर्बिणीला डोळा लावायच्या त्या भिंगाचा. दुसरं काय असणार?

आपल्याकडे दोनच आहेत, पंचवीसचा आणि दहाचा. आयपीसवरचा आकडा जेवढा लहान, तेवढं चित्र मोठं. पंचवीसच्यातून गुरू म्हणजे मोहरीचा दाणा. दहाच्यातून चांगला मोठा, पण बघायची काच एवढीशी, की डोळा अगदी चिकटवावा लागतो, पापणी घासते. मलाच जड जातं, तर चष्म्यावर जगलेल्या माणसाचं काय! मधला एक हवा. यंदा ह्यांना गुरू दाखवायचाच. खरा. नाहीतर ती दुर्बीण माळ्यावर टाकते!

ह्यांना विचारणार नाही. विचारलं तर म्हणतील, "दिसतंय की!"

२१ जानेवारी, बुधवार

अभिनवला फोन केला. आकाश बघणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपमधला, मीरा रोडचा. नोकरी कम्प्युटरची, जीव सगळा काचांत. "काकू, मधला एकच घ्यायचा तर पंधरा किंवा बारा. यात वादच नाही." वाद नाही म्हणाला आणि पाऊण तास एकटाच वाद घालत होता. शेवटी म्हणाला, "काकांसाठी ना? मग डोळा लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसेल असाच घ्या. शनिवारी माझे दोन्ही घेऊन येतो."

गुणी आहे.

२४ जानेवारी, शनिवार

गच्चीवर आज परीक्षा झाली. अभिनवचे दोन्ही आयपीस एकाच घराण्यातले, काचा मोठ्या. बारातून गुरू काय सुरेख! मी तिथेच बाराला मार्क देऊन टाकले.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या शांतीताई वाळत घातलेला जवळा उचलायला आल्या. संध्याकाळी विसरल्या होत्या. ह्या मूळच्या इथल्याच, आमच्या ह्या इंद्रलोक वसाहतीच्या इमारती नव्हत्या तेव्हापासूनच्या. म्हटलं, तुम्हीही बघा. त्यांनी आधी बारातून पाहिलं, मग पंधरातून, मग पुन्हा बारातून. जवळ्याचं सूप काखेत तसंच.

"ह्यान मोठा हाय, पन पलतो. त्यान जरा बारका हाय, पन थांबतो. थांबतो तो घे, बाय. माज्यासारखीला डोला लावाला टाइम लागतो."

अभिनव माझ्याकडे बघून हसला. पाऊण तासात जे त्याला सांगता आलं नाही, ते दोन वाक्यांत! आमची दुर्बीण हाताने सरकवायची, मोटर नाही. जेवढं चित्र मोठं, तेवढा ग्रह भराभर निसटतो. मी सरावाची, मला बारा चालेल. पण घ्यायचा कोणासाठी आहे? पंधराच. ठरलं.

मग ह्यांना बोलावलं. चष्मा काढला, वाकले. बारा झाला, पंधरा झाला.

"दोन्ही छान."

२५ जानेवारी, रविवार

दोन्ही छान म्हणे. दोन्ही! डोंबल!

२७ जानेवारी, मंगळवार

केबिन रोडला गेले होते. ह्यांच्या चष्म्याचा स्क्रू पडला होता. चष्मेवाला स्क्रू बसवत होता, तोवर मी माझं रडगाणं सुरू केलं. इतका चांगला आयपीस, तरी ह्यांना दिसत नाही. आता आणखी महागडा कुठला आणू?

त्याने मानही वर केली नाही. "आंटी, अंकल का सीधा माइनस सात है. सिलेंडर नहीं है. चश्मा निकाल के दूरबीन का फोकस घुमाने का, बस. कोई भी लेन्स में दिखेगा."

सिलेंडर म्हणजे तो तिरका नंबर. मी चष्मा घेतला आणि सरळ घरी आले. भाजी घ्यायची होती, तीही विसरले.

चष्मा काढायला ह्यांना मीच लावलं. का, तर काचेवर काच घासते. आणि फोकसच्या चाकाला हात लावायचा नाही, हाही नियम माझाच! दुर्बीण आणली त्याच कोजागरीला सगळ्यांनी ते चाक पिरगाळून घोळ घातला, तेव्हापासूनचा. शाळेच्या प्रयोगशाळेत जन्मभर तेच केलं— मी लावून देते, तुम्ही हात मागे बांधून रांगेने बघा. म्हणजे दोन वर्षं ह्या माणसाने माझ्या डोळ्याला लावलेला फोकस स्वतःच्या उघड्या डोळ्यांनी पाहिला. ह्यांना गुरू दिसला असेल तो धुक्यातल्या दिव्यासारखा. चंद्र चार की चाळीस, कसं सांगणार?

लांबचं न दिसणारा डोळा आणि त्याचं अंतर्गोल भिंग मी शिकवायचे. आकृतीसकट!

२८ जानेवारी, बुधवार

सांगितलं नाही. आकाशात धूळ होती.

२९ जानेवारी, गुरुवार

आकाश स्वच्छ होतं. तरी सांगितलं नाही. माझा गुडघा दुखतोय असं सांगितलं आणि मी वर गेलेच नाही. "तेल लावून देऊ का?" हे म्हणाले. लाज वाटली.

३० जानेवारी, शुक्रवार

आज नेलं. अभिनव ठेवून गेलेला पंधराचा लावला. चंद्र भरत आलेला, गुरूच्या शेजारीच. ह्यांनी सवयीने चष्मा काढून माझ्या हातात दिला.

म्हटलं, "ते चाक फिरवा."

"मी?"

"तुम्हीच. तुम्हाला दिसेपर्यंत."

आधी माझ्याकडे पाहिलं— खरंच ना? मग फिरवायला लागले, जुन्या रेडिओवर स्टेशन लावावं तसे. इकडे, तिकडे, परत इकडे. मग हात थांबला. आता "वा" येणार म्हणून मी वाट बघत होते. आलंच नाही.

"अगं... ह्याला पट्टे आहेत!"

"दोन आहेत," मी म्हटलं.

"दोन. हो, दोन. खालचा जाड आहे बघ." गुरू निसटला तर स्वतःच नळी सरकवली, पुन्हा शोधला. वीस मिनिटं! मी म्हटलं, मला बघू द्या की जरा. "थांब गं!" चाळीस वर्षांत असं फटकारून बोलले नव्हते. राग आला, आणि इतका आनंद झाला की काय सांगू. त्यांच्या पाठीकडे बघूनच सांगून टाकलं— चूक माझी होती, आयपीसची नव्हती. "कसली चूक?" म्हणाले. डोळा काही काढला नाही.

पंधराच मागवायचा. अभिनवला मेसेज केला.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी ह्यांचा चहा चालला होता, मी कणीक मळत होते; विचारलंच— दोन वर्षं काही दिसत नव्हतं, तर रोज चार मजले चढून येत कशाला होतात?

पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "वर तू बोलतेस. खाली नुसतं दूध, गॅस, गोळ्या."

कणीक परातीत तशीच ठेवली. हात धुतले, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, आणि बोलायला लागले.